गुलाबी पाठिंबा

"हा डाग आज निघाला पाहिजे," असं म्हणत बायकोने सेक्रेटरींच्या बशीशेजारी एक लालभडक गळपट्टा ठेवला, आणि आजचा चहा सुखाने घशाखाली उतरणार नाही हे सेक्रेटरींनी ओळखलं.

गळपट्टा मेहुण्याचा होता आणि मेहुणा वॉर्डाच्या निवडणुकीला उभा होता. चांगला मिशीवाला, दोन मुलांचा बाप, पण बहिणीच्या लेखी अजून 'बाळू'च. निवडून आल्यावर लोक सही मागतील, तेव्हा ऐन वेळी फजिती नको म्हणून काल तो सहीचा सराव करत बसला होता. सराव इतक्या मनापासून झाला की पेनच फुटलं. गळपट्ट्याच्या बरोबर छातीवर येणाऱ्या टोकाला शाईचा एक गलेलठ्ठ डाग पडला होता.

"अगं, त्याच्या घरी असल्या गळपट्ट्यांचे गठ्ठे पडलेत. दुसरा घालू दे की."

"हा त्याचा पहिला आहे. हा घालून त्याने उमेदवारीचा अर्ज भरला. उद्या तुमच्या सभेलाही तो हाच घालून येणार." बायकोने गळपट्टा आणखी पुढे सरकवला. "एवढी मोठी लाँड्री तुमची. जगाच्या चादरी धुता, आणि घरचं एक फडकं म्हटलं की तुम्हाला नियम आठवतात."

नियम होता ही गोष्ट खरी. घरचे कपडे लाँड्रीत आणायचे नाहीत, असा ठराव धुलाई कामगार युनियननेच केला होता, कारण एके काळी अर्धी मशीन कामगारांच्या घरच्या पडद्यांनीच भरायला लागली होती. ठराव मांडणारे गृहस्थ म्हणजे स्वतः सेक्रेटरी. त्या दिवशी त्यांचं भाषणही जोरदार झालं होतं.

"आणि उद्याचा पाठिंबा बाळूलाच," बायको म्हणाली. "मी आईला सांगून टाकलंय."

सासूबाईंना सांगून झालं म्हणजे विषय संपला. सेक्रेटरींनी गळपट्ट्याची घडी केली आणि कामाला निघाले.

युनियनचा पाठिंबा ही काही किरकोळ चीज नव्हती. वॉर्डात लाँड्रीच्या शब्दाला वजन होतं. ज्यांनी सगळ्यांच्या चादरी आणि उशांचे अभ्रे पाहिलेत, त्यांना माणसांचं आतलं माहीत असणार, असा लोकांचा समज होता. निवडणुकीआधी एका रविवारी लाँड्रीच्या आवारात सभा भरे, उमेदवार आपापली बाजू मांडत आणि युनियन आपला पाठिंबा जाहीर करी. या सभेचा एक जुना रिवाज होता. सगळ्यांनी धुतलेले, खळ घातलेले पांढरेशुभ्र एप्रन घालायचे. पांढरं म्हणजे आमचं अजून ठरलेलं नाही. सभेत साधा रंगीत रुमालसुद्धा कुणी बाहेर काढत नसे. मागे एकदा कुणीतरी नाक पुसायला पिवळा रुमाल काढला होता, तर पिवळ्या पक्षाच्या उमेदवाराने तिथल्या तिथे आभाराचं भाषण सुरू केलं होतं.

यंदा पिवळे होते ते विद्यमान सदस्य. लाल होता तो बाळू. आणि एक गुलाबी उमेदवारही होत्या, पाळणाघर चालवणाऱ्या कुणी बाई. त्या का उभ्या आहेत हे कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारायलाही कुणी गेलं नव्हतं.

सेक्रेटरींचा बेत साधा होता. दुपारच्या सुट्टीत मागच्या नळावर गळपट्टा गुपचूप धुवायचा. त्यासाठी त्यांनी तो एप्रनच्या खिशात कोंबून ठेवला. पण दुपारी युनियनच्या अध्यक्ष, म्हणजे इस्त्रीखात्यातल्या अक्का, यांनी सभेच्या खुर्च्यांवरून वाद उकरून काढला. पिवळ्यांना उन्हात बसवायचं की सावलीत, यावर सुट्टी संपली आणि सुट्टीबरोबर गळपट्टाही डोक्यातून गेला. संध्याकाळी सगळ्यांचे एप्रन उद्याच्या सभेसाठी धुवायला पडले. त्यांत सेक्रेटरींचाही पडला.

आता इथे मशीनमास्तरांबद्दल सांगायला हवं. मास्तर म्हणजे लाँड्रीचं भूषण. सारं आयुष्य ड्रमसमोर गेलं, महिनाअखेरीला निवृत्त व्हायचे होते, आणि आजवर त्यांच्या हातून एकदाही कपड्याचा रंग दुसऱ्या कपड्याला लागला नव्हता. खिसा तपासल्याशिवाय ते चिंधीसुद्धा आत टाकत नसत. किल्ल्या, कंगवे, एकदा तर दातांची कवळी त्यांनी मालकाला शोधून परत केली होती. त्या संध्याकाळीही त्यांनी एकेक एप्रन चाचपला. फक्त सेक्रेटरींच्या एप्रनवर त्यांचा हात थबकला. नियम करणाऱ्याचाच खिसा काय तपासायचा? फार तर आश्वासनं निघतील, असं मनाशी म्हणत त्यांनी तो तसाच आत टाकला आणि कडकडीत पाणी सोडलं. धुणं, खळ आणि वाळवणं, सगळं ते मशीन रात्रभरात उरकी.

"गळपट्टा कुठाय?" घरी बायकोने विचारलं.

"वाळतोय," सेक्रेटरी म्हणाले. एप्रनमधून काढून तो आपण लाँड्रीतल्या कपाटात ठेवलाय, उद्या सकाळी लवकर जाऊन धुऊन टाकू, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

रविवारी सकाळी अक्का, सेक्रेटरी आणि सगळी मंडळी एप्रन घ्यायला जमली. मास्तरांनी मशीनचं दार उघडलं, हात आत घातला आणि तसेच उभे राहिले. मग त्यांनी एक एप्रन बाहेर काढला.

एप्रन गुलाबी होता. दुसराही गुलाबी होता. नवजात बाळाच्या झबल्याला शोभेल असा फिकट, गोड गुलाबी, आणि एकूण एक सारखे.

मास्तर एका पालथ्या बादलीवर बसले. "गेलं," ते म्हणाले. "माझ्या हातून आज रंग लागला."

"अहो मास्तर, मशीन आहे. होतं असं कधी कधी."

"माझ्या हातून होत नाही." मास्तरांचा आवाज इतका खाली गेला होता की जवळ वाकून ऐकावं लागत होतं. "मी असाच घरी जातो. समारंभ नको, हार नको. घरी विचारलं तर सांगेन की बरं वाटत नव्हतं."

 सेक्रेटरींना आपला खिसा आठवला, खिशातला गळपट्टा आठवला आणि त्यामागे कमरेवर हात ठेवून उभी असलेली बायकोही आठवली. पण त्या सगळ्यापेक्षा त्यांना मास्तरांचं वाईट वाटलं. पहिल्या दिवशी ओली चादर कशी झटकायची ते याच माणसाने त्यांना शिकवलं होतं, आणि चादरीबरोबर ते स्वतःच जमिनीवर आपटले तेव्हा हसलाही नव्हता. खरं काय ते सांगून टाकू म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तेवढ्यात गेटवरून हाक आली.

"हॉस्पिटलच्या मेट्रनबाई आल्यात! मॅनेजरसाहेब त्यांना सभा दाखवायला आणताहेत!"

सगळ्यांचे चेहरे पांढरे पडले. तेवढंच काय ते त्या दिवशी पांढरं होतं. हॉस्पिटलच्या चादरी कुठल्या लाँड्रीला द्यायच्या ते मेट्रनबाई ठरवणार होत्या. त्या चादरी मिळाल्या नाहीत तर संध्याकाळची पाळी बंद होणार, असं मॅनेजरसाहेब महिनाभर सांगत होते. आणि पांढरं पांढरं ठेवता येत नाही अशा लाँड्रीला कुठलं हॉस्पिटल चादरी देणार?

"ब्लीचमध्ये टाकूया," कुणीतरी म्हणालं.

"आणि पुन्हा वाळवणार कधी? गेटवर लोक आलेत," दुसऱ्याने सांगितलं.

"शिवाय ब्लीच म्हणजे कबुली," मास्तर बादलीवरूनच म्हणाले.

अक्कांनी एक एप्रन उचलला, खिडकीच्या उजेडात धरला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या. इस्त्रीसमोर उभं आयुष्य काढलेल्या बाई. सुरकुती दिसली की ती मोडायचीच, एवढं त्यांना कळत होतं.

"रंग लागलाय असं कोण म्हणतं?" त्या म्हणाल्या. "रंग दिलाय."

"कुणी?"

"आपण. युनियनने. मुद्दाम. गुलाबी रंग कुणाचा?"

"पाळणाघरवाल्या बाईंचा," सेक्रेटरी चाचरत म्हणाले. "पण अक्का, त्यांना कोण ओळखतं?"

"आतापासून आपण ओळखतो. आपला पाठिंबा त्यांना."

"असा कसा? ठराव? हात वर करणं?"

"करूया की. मास्तरांनी मानाने निवृत्त व्हावं असं ज्यांना ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा."

सगळे हात वर गेले. सगळ्यांत आधी सेक्रेटरींचा गेला, आणि तो वर जात असतानाच त्यांच्या डोळ्यांसमोर सासूबाई उभ्या राहिल्या. पण हात एकदा वर गेला की गेला.

आवारात खुर्च्या मांडल्या होत्या. पहिल्या रांगेत विद्यमान सदस्य पिवळं उपरणं सावरत उन्हात बसले होते, कारण अक्का वाद जिंकल्या होत्या. सावलीत बाळू बसला होता. त्याच्या गळ्यात दुसराच गळपट्टा होता आणि पहिल्याच्या वाटेकडे त्याचे डोळे लागले होते. दार उघडलं आणि धुलाई कामगार युनियन गुलाबी एप्रन घालून रांगेने बाहेर आली.

 विद्यमान सदस्यांनी शेजाऱ्याचा चष्मा मागून घेतला, लावून पाहिला, परत केला आणि सरळ गाडीत जाऊन बसले. बाळू मात्र बसल्या जागी वाकून हळू आवाजात म्हणाला, "भाऊजी, हे काय?"

भाऊजींनी त्याच्याकडे पाहायचं टाळलं आणि माईक हातात घेतला.

"बंधू-भगिनींनो," ते म्हणाले, आणि पुढे काय बोलायचं ते त्यांना माहीत नव्हतं. "हा निर्णय आम्ही घाईत घेतलेला नाही. तो आम्ही चांगला भिजवला, घोळवला, पिळला, आणि मगच अंगात घातलाय. आमचा पाठिंबा पाळणाघरवाल्या बाईंना आहे! त्यांचं कार्य आपण सगळे जाणतोच." इथे ते थांबले, कारण ते स्वतः जाणत नव्हते. "त्यांचं कार्य इतकं मोठं आहे की मी ते सांगू लागलो तर मेट्रनबाईंचा वेळ जाईल."

मागच्या रांगेतून एक हात भीत भीत वर आला. "अहो, ती मीच," एक ठेंगण्या बाई म्हणाल्या. त्यांच्या गळ्यात गुलाबी गळपट्टा होता. "चुकून माझं नाव घेतलंत का?"

"चुकून? छे!" अक्का गरजल्या. "या, पुढे या. तुमचा कार्यक्रम काय ते लोकांना सांगा."

"कार्यक्रम असा काही नाही हो," बाई म्हणाल्या. "पाळणाघरासमोरच्या गटारावर झाकण नाही. मुलांचे बूट पडतात आत. सगळ्यांना सांगून दमले, कुणी लक्ष देईना. म्हणून म्हटलं आपणच उभं राहावं. तेवढं झाकण बसलं की मी घरी जाईन."

"ऐकलंत?" सेक्रेटरींना एकदम पाय ठेवायला जागा मिळाली. "याला म्हणतात जाहीरनामा!"

टाळ्या पडल्या. तशात मेट्रनबाई उठल्या, सरळ मास्तरांकडे गेल्या आणि त्यांच्या एप्रनची कड उलटून बघू लागल्या. मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

"किती सारखा रंग दिलाय," मेट्रनबाई म्हणाल्या. "कुठे चट्टा नाही, शिवणीतसुद्धा नाही. ज्यांना रंग इतका नीट देता येतो त्यांना पांढऱ्याची काय कथा? चादरी तुम्हालाच. आणि मुलांच्या वॉर्डासाठी मला चादरी याच रंगात हव्यात. अगदी याच."

मास्तरांनी डोळे उघडले. अक्कांनी सेक्रेटरींकडे पाहिलं आणि सेक्रेटरींनी आभाळाकडे.

त्या दिवसापासून सेक्रेटरींच्या घरात थंडी पडली. बायको त्यांच्याशी भिंतीमार्फत बोलू लागली. "कुणाला चहा हवा असेल तर भांडं मोरीत आहे, घासून घ्यावं," असं ती भिंतीला सांगे आणि सेक्रेटरी उठून भांडं घासत. सरळ त्यांना उद्देशून ती एकच प्रश्न विचारी.

"बाळूचा गळपट्टा कुठाय?"

"वाळतोय."

"अजून?"

"जाड कापड आहे गं."

गळपट्टा खरोखर कुठे आहे ते सेक्रेटरींनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी ड्रम धुंडाळला, गाळणी पाहिली, नाल्यात काठी घालून ढवळून आले. वाहून गेला असावा असं त्यांनी स्वतःला समजावलं.

त्याहून मोठं संकट चादरींचं होतं. अक्कांनी आणि सेक्रेटरींनी मिळून बाजारातले सगळे लाल रंग आणून पाहिले. एकाने चादर जांभळट झाली, दुसऱ्याने विटकरी. एक चादर तर अशी झाली की पेशंट बरा होण्याऐवजी दचकून पळून जाईल. तो गोड गुलाबी काही साधेना. एके दुपारी सेक्रेटरींना अक्कांसमोर सगळं कबूल करावं लागलं. खिसा, गळपट्टा, शाई, सगळं.

अक्कांनी कपाळावर हात मारला. "आणि मास्तर बिचारे स्वतःला खात बसलेत."

"सांगून टाकू त्यांना?"

"खुळे की काय? खिसा तपासला नाही हे कळलं तर आणखी खचतील. आता तोंड मिटायचं आणि तसले गळपट्टे आणायचे."

म्हणजे बाळूकडे जायचं. सेक्रेटरी मन घट्ट करून मेहुण्याच्या घरी गेले. तो सुतक असल्यासारखा बसला होता आणि मागे लाल गळपट्ट्यांचे गठ्ठे छतापर्यंत रचलेले होते. कापडाची किंमत पाडून घेतली म्हणून तो मागे फार खुशीत होता. तो स्वस्तातला कच्चा रंग आता युनियनच्या कामी येणार होता.

"बाळू," सेक्रेटरी खाली मान घालून म्हणाले, "मला गळपट्टे हवेत. एक गठ्ठा."

बाळू उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. "भाऊजी! म्हणजे ते गुलाबी सगळं वरवरचं?"

सेक्रेटरी गठ्ठे मोजू लागले. खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं बोलायची सोय नव्हती.

"कळलं!" बाळूने डोळा मारला. "वरून गुलाबी, आतून लाल! अहो, आधी सांगायचंत ना. दोन गठ्ठे न्या!"

संध्याकाळी सेक्रेटरी घरी पोचले तर चहा तयार होता. साखर दुप्पट. "असं होय," बायको म्हणाली. भिंतीला नाही, त्यांना. "मेलं, मला तरी विश्वासात घ्यायचं."

गळपट्टे मशीनजवळ पोचले तेव्हा मास्तर पाठमोरे उभे होते. "मला काही दाखवू नका, काही विचारू नका," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "काय करायचं ते करा. फक्त पाणी कडकडीत ठेवा. त्या कापडाचा रंग गरमातच सुटतो." सेक्रेटरींनी मान डोलावली आणि कामाला लागले. मास्तरांना हे कुठून कळलं, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाच नाही. घाईत माणसाला असले प्रश्न पडत नाहीत.

चादरी हुबेहूब झाल्या. पण गोष्ट चादरींवर थांबेना. लाँड्रीवाल्यांनी बाई निवडल्यात म्हणजे त्यांना नक्की काहीतरी आतलं कळलंय, असं वॉर्डभर झालं. बेकरी कामगारांच्या युनियनने पाठिंबा दिला आणि आपल्या टोप्या गुलाबी करून मागितल्या. मग बसवाले आले, मग छापखानेवाले. प्रत्येक वेळी सेक्रेटरी बाळूकडे जात आणि गठ्ठा घेऊन येत. बाळूचं घर मोकळं होत चाललं तशी त्याची छाती फुगत चालली. "एवढे लोक आपले आहेत," तो बहिणीला सांगे, "फक्त उघड बोलत नाहीत." वॉर्डात जिकडेतिकडे गुलाबी दिसत होतं, आणि ते सगळं बाळूच्याच गळपट्ट्यांतून निघालेलं होतं.

शेवटी बाळूला राहवेना. आपल्या या छुप्या पाठीराख्यांचे जाहीर आभार मानायचेच, असं त्याने ठरवलं. प्रचाराच्या अखेरच्या दिवशी त्याने मिरवणूक काढली. सगळे कार्यकर्ते कोऱ्या पांढऱ्या शर्टात, गळ्यात उरलेले लाल गळपट्टे. मिरवणूक लाँड्रीच्या बाजूच्या गल्लीत येऊन थांबली, आणि बाळू बोलायला उभा राहिला तो नेमका बॉयलरची वाफ सोडायच्या नळीखाली.

"अरे, तिथे नको!" सेक्रेटरी खिडकीतून ओरडले. "पुढे हो, पुढे!"

"बघा, भाऊजी मला पुढे हो म्हणताहेत!" बाळूने लोकांना सांगितलं, आणि लोकांनी जयजयकार केला.

पाळी सुटली. बॉयलरने दम सोडला. गल्ली वाफेने अशी भरली की बाळूचं फक्त भाषण ऐकू येत होतं, बाळू दिसत नव्हता. तो बोलायचा थांबला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. वाफ विरली तेव्हा सारी मिरवणूक घामाघूम होऊन उभी होती आणि गळ्यापासून पोटापर्यंत सगळ्यांचे शर्ट गुलाबी झाले होते.

गल्लीच्या तोंडाशी जमलेल्या लोकांनी आधी डोळे चोळले, मग टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "वा! लालवाल्यांनीही बाईंना पाठिंबा दिला! काय मोठं मन!" बाळूला वाटलं भाषण रंगलं. तो तसाच हात जोडत, गुलाबी छातीने, वॉर्डभर फिरून आला. घरी आरशासमोर उभा राहीपर्यंत त्याला कुणी काही सांगितलं नाही.

निकाल लागला. पाळणाघरवाल्या बाई दणदणीत निवडून आल्या.

त्या दिवशी सेक्रेटरी घरात पाऊल टाकायला घाबरत होते. पण आत पाहतात तो बाळू सोफ्यावर बसलेला, गळ्यात हार आणि भोवती शेजारीपाजारी. ऐन वेळी स्वतःचा विचार न करता प्रतिस्पर्ध्याला पाठिंबा देणारा उमेदवार आजवर वॉर्डात झाला नव्हता. बाईंनी विजयाच्या भाषणात त्याचं नाव सगळ्यांत आधी घेतलं होतं आणि गटाराच्या झाकणाचं उद्घाटन त्याच्या हातून करायचं ठरवलं होतं.

"मी म्हटलंच होतं," बाळू गंभीरपणे सांगत होता, "खुर्चीपेक्षा तत्त्व मोठं."

"आईला कळवलंय मी," बायको म्हणाली. तिचा चेहरा नुसता फुलला होता. मग तिने सेक्रेटरींना बाजूला घेतलं. "उद्घाटनाला बाळूला तो पहिला गळपट्टा हवाय. कुठाय?"

"वाळतोय," सेक्रेटरी क्षीण आवाजात म्हणाले.

महिनाअखेरीला लाँड्रीच्या आवारात मास्तरांचा निरोप समारंभ झाला. एप्रन पांढरे होते. मॅनेजरसाहेबांनी हार घातला, मेट्रनबाईंनी स्वतः येऊन शाल दिली, आणि अक्का बोलायला उभ्या राहिल्या त्या दोन वाक्यांत रडून खाली बसल्या. "या माणसाच्या हातून एकदाही रंग लागला नाही," एवढं मात्र त्यांनी ठणकावून सांगितलं. मास्तर खाली मान घालून बसले होते.  सेक्रेटरींना मास्तरांकडे बघवेना आणि दुसरीकडे बघावं असंही वाटेना.

समारंभ संपल्यावर नव्याने सदस्य झालेल्या पाळणाघरवाल्या बाई हळूच मास्तरांजवळ आल्या. हातात पिशवी होती.

"मास्तर, एक विचारू? हसू नका." त्यांनी पिशवीतून आपला गुलाबी गळपट्टा काढला. "याचा रंग काढून मिळेल का? मी खरं तर पांढराच शिवून घेतला होता. घरी धुताना त्यात पाळणाघरातल्या एका पोराचा लाल मोजा गेला. कच्चा होता मेला. दुसऱ्या दिवशी अर्ज भरायचा होता, तसाच घालून गेले, तर तिथल्या साहेबांनी मला गुलाबी म्हणूनच धरलं."

अक्का रडायच्या थांबल्या. सेक्रेटरींनी खुर्चीचा हात घट्ट धरला. मास्तरांनी गळपट्टा बोटांत चुरगाळून पाहिला, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांच्या ओठांना हसू फुटलं.

"राहू द्या तसाच," ते म्हणाले. "छान लागलाय रंग."

सगळे गेल्यावर मास्तरांनी सेक्रेटरींना मशीनजवळ नेलं. आपल्या कपाटातून कागदात गुंडाळलेली एक घडी काढली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"दाराच्या रबरात अडकला होता. त्याच सकाळी मिळाला मला."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? पहिल्यापासून?"

"हात आत घातला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत, मास्तर? मी तर मरत होतो इकडे."

"काय बोलायचं? खिसा तपासायचं काम माझं होतं. आणि सगळ्यांदेखत तुमचं नाव घेतलं असतं, तर तुम्हाला घरी जाता आलं नसतं. मी तुमच्या बायकोला ओळखतो."

 सेक्रेटरींनी मास्तरांचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. मास्तरांनीच शेवटी ते सोडवून घेतले. "जा आता. ओला नाहीये. चांगला वाळलाय," ते म्हणाले.

घरी बायको आणि बाळू वाटच पाहत होते. सेक्रेटरींनी घडी टेबलावर ठेवली आणि दोन पावलं मागे सरकले. बायकोने कागद सोडला, गळपट्टा दोन हातांनी उजेडात धरला आणि बघतच राहिली.

कापड पांढरंशुभ्र झालं होतं. लालचा मागमूस नव्हता. फक्त एका टोकाला, बरोबर छातीवर येईल असा, शाईचा डाग जसाच्या तसा होता.

"इतके दिवस लाँड्रीत होता," बायको म्हणाली, "आणि तेवढा डाग काही तुम्हाला काढता आला नाही!"